पंक्चरवाल्याच्या गच्चीवरचा आन्सेल्मो

आन्सेल्मो तावेर्ना हा आमच्या क्लबच्या मैदानाचा माळी. गवत त्याचं, फक्की त्याची, गोलच्या जाळीच्या गाठी त्याच्या. मालकी अर्थात क्लबची, पण हे खुद्द अध्यक्षसुद्धा त्याच्यासमोर बोलून दाखवत नसत. कोपऱ्यातल्या ओल्या गवतावरून आडवे चालत आलेल्या अध्यक्षांना त्याने एकदा सगळ्यांदेखत मागे पाठवून कडेकडेने यायला लावलं होतं, आणि ते आले होते. असा हा माणूस एका रविवारी दुपारी स्वतःच्याच मैदानाच्या गेटवर अडवला गेला. का, ते कळल्यावर आमच्या गावाची बोलती बंद झाली. आमच्या गावाच्या बाबतीत हे पूर ओसरण्यापेक्षा दुर्मिळ आहे.

क्लबचं नाव स्पोर्तिवो कामालोते. पाराना नदी फुगली की वरच्या अंगाने जी जलपर्णी वाहत येते, ती कामालोते. संस्थापकांना हे नाव का सुचलं, कोण जाणे. पण क्लबही गेली कित्येक वर्षं दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या मध्ये तसाच तरंगतो आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी क्लबचं वाचनालय बघतो. तिथे लोक पत्ते खेळायला येतात. त्यामुळे गावातली बातमी माझ्यापर्यंत छापली न जाताच पोहोचते.

आता गेटचं. आमच्या प्रांतात काही वर्षांपूर्वी नियम आला. कोर्टाने बांधून दिलेली मुलांची पोटगी जो देत नाही, त्याचं नाव थकबाकीदारांच्या यादीत जाणार. आणि यादीत नाव असेल, त्याला फुटबॉलच्या सामन्याला प्रवेश नाही. पोलीस गेटवर प्रत्येकाचं ओळखपत्र मशीनला दाखवतात. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी. ज्याने कोणी हा नियम काढला, त्याने या देशातल्या पुरुषांचा अभ्यास केला होता एवढं खरं. तुरुंगाच्या धमकीवर जांभई देणारे बाप सामना चुकणार म्हटल्यावर बँकेत रांगा लावू लागले.

नियम गावाला आवडला, आणि सगळ्यांत जास्त आवडला आन्सेल्मोला. दर सामन्याला एकदोघे तरी सापडतच. लाल दिवा लागला की आन्सेल्मो आतल्या बाजूने जाळीला तोंड लावून ओरडे, "आधी पोरांना वाढ, मग गोल बघ!" मग सबंध रांग टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणे. घोषणा त्याची स्वतःची होती. पलीकडच्या गावातल्या क्लबाने ती उचलली, तेव्हा तो दोन दिवस मैदानावर शीळ वाजवत फिरत होता.

ओरडायचा त्याला अधिकार आहे असंच सगळे धरून चालत. बायको नोएमी हिच्याशी त्याचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी, रेनाता, आईकडे गेली आणि तो महिन्याच्या महिन्याला न चुकता पोटगी भरत राहिला. पुढे रेनाता त्याच्याकडेच राहायला आली. आता ती तेरा वर्षांची आहे आणि मुलींच्या संघात डाव्या बाजूला बचावाला खेळते. तिची वेणी तो गोलच्या जाळीला मारतो त्याच गाठीने घालतो. सामना संपेपर्यंत काय, नंतरही सुटत नाही. रात्री ती सोडवायला शेजारीण बोलवावी लागते.

त्या रविवारी मुख्य सामन्याआधी मुलींची उपांत्य फेरी होती. आन्सेल्मो उजाडल्यापासून आतच होता. रेषा मारून झाल्या, आणि मग रेनाताच्या लक्षात आलं की नडगीवर बांधायचे शिनगार्ड घरी राहिले. तो सायकल काढून घरी गेला. परत आला तोवर गेटवर पोलीस उभे राहिले होते आणि रांग कोपऱ्याच्या बेकरीपर्यंत गेली होती. रांग मोडून तो थेट पुढे गेला. कोणी हरकत घेतली नाही. ज्याचं गवत, त्याला रांगेत उभं करायचं नसतं.

गेटवर ब्रेंदा होती. लहानपणी तिने गोलच्या तोंडाशी सायकल घातली म्हणून आन्सेल्मोने ती सायकल दिवसभर फक्कीच्या खोलीत कुलूप लावून ठेवली होती. आता ती पोलिसात आहे, पण त्याला अजून दबकून असते.

"काका, कार्ड."

"कसलं कार्ड? मी सकाळपासून आतच आहे. रेनीचे हे आणायला गेलो होतो."

"माहितेय हो. तरी द्या. डोक्यावर कॅमेरा आहे."

त्याने कार्ड दिलं. लाल दिवा लागला.

"पूस ते जरा."

ब्रेंदाने कार्ड बाहीला पुसलं. पुन्हा लाल.

"तुझं मशीन बिघडलंय, पोरी."

"बिघडलं असतं तर मघापासून सगळ्यांना हिरवं कसं लागलं असतं?" ती मशीनवर वाकली, वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिने आवाज इतका खाली आणला की रांगेत त्याच्या मागेच उभ्या असलेल्या मला कान टवकारावे लागले. "काका... पोटगी थकवलीय म्हणतंय."

"कोणाची?"

"रेनाता तावेर्ना."

"रेनाता आत आहे! हे बघ, हे तिचेच," त्याने शिनगार्ड तिच्या नाकासमोर धरले. "सकाळी माझ्या हातची अंडी खाऊन आलीय ती!"

"मला माहितेय. याला माहीत नाही ना."

पुढचे सगळे गप्प झाले होते. पण रांग लांब होती. मागच्यांना फक्त लाल दिवा दिसला. कोणासाठी लागला ते दिसलं नाही. बेकरीपाशी कोणीतरी सुरुवात केली, आणि टाळ्या वाजत वाजत घोषणा पुढे सरकत आली. आधी पोरांना वाढ, मग गोल बघ. जसजशी ती गेटजवळ आली तसतसे लोक माणूस ओळखून टाळी मध्येच थांबवत गेले, पण मागून येणारा आवाज थांबत नव्हता. आन्सेल्मो वळून रांगेकडे पाहत राहिला. स्वतःचीच कविता स्वतःवर उलटलेली ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

"हे मी आत देते तिला," ब्रेंदा शिनगार्ड हातातून सोडवून घेत म्हणाली. "सामान जाऊ शकतं."

"आणि मी?"

"तुम्ही नाही, काका."

गेटसमोर पंक्चरवाल्याचं दुकान आहे. त्याच्या गच्चीवरून अर्ध्याहून जास्त मैदान दिसतं. लाल दिव्याची मंडळी तिथे जमतात. पंक्चरवाला शिडी लावून देतो आणि थंड पेय विकतो. आन्सेल्मोने या गच्चीकडे आजवर फक्त खालून, आणि फक्त बोट दाखवायला पाहिलं होतं. रेनाताचा सामना सुरू व्हायची शिट्टी झाली, तेव्हा तो शिडी चढला. मीही मागून चढलो. मला हिरवा दिवा लागला असता, पण त्याला एकट्याला वर सोडणं बरं वाटेना.

"या, या, तावेर्नासाहेब!" बेर्मूदेस नावाचा ट्रक ड्रायव्हर क्रेटवरून उठला. "ए, जागा पुसा रे, माळी आलेत."

"आवाज ओळखीचा होता तुमचा," दुसरा म्हणाला. "तोंड आज पाहतोय."

"माझ्या बाबतीत मशीनची चूक झालीय," आन्सेल्मो म्हणाला.

"हो का? आमचीही मशीनचीच."

सगळे खो खो हसले. सॉसेजचा पाव खात कोपऱ्यात बसलेला एकजण तेवढा हसला नाही. "माझी नाही बाबा," तो म्हणाला. "मी खरंच देत नाही." आन्सेल्मोने आपलं क्रेट त्याच्यापासून जरा लांब सरकवलं.

खाली रेनाता धावत होती. दर वेळी थ्रो घ्यायला आली की गेटच्या जाळीकडे पाहत होती. त्याने हात हलवला, पण आपला बाप उंचावर असेल असं तिला कसं सुचणार? मग तो एकदम उठून कठड्याशी गेला. मला वाटलं तिला लागलं की काय.

"ते गोल नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"मधलं वर्तुळ. ते बघा ना मास्तर! ते गोल नाहीये."

मी पाहिलं. वर्तुळ अंड्यासारखं होतं, टोक नदीच्या बाजूला.

"नाहीच आहे ते गोल," बेर्मूदेस म्हणाला. "पहिल्यापासून असंच आहे."

"मग कधी सांगितलं नाहीत?"

"सांगणार कधी? तू ओरडत असायचास ना."

मुली जिंकल्या. अंतिम सामना महिन्याभराने, आमच्याच मैदानावर ठरला. ही आनंदाची बातमी आन्सेल्मोला गच्चीवरच्या टाळ्यांतून कळली.

त्या रात्री जेवताना रेनाताने विचारलं, "बाबा, तू कुठे होतास?"

"गच्चीवर."

"कुठल्या?"

"पंक्चरवाल्याच्या."

"तिथे तर..." ती थांबली. तिचा काटा हवेतच राहिला. "म्हणजे तू मला खायला घालत नाहीस?"

"तसं म्हणतायत."

"मग आणखी राविओली वाढ. कोर्टात दाखवायला." तो हसला नाही, म्हणून तीही थांबली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "आईने केलं का हे?"

त्याची झोप गेली ती या प्रश्नामुळे. यादीचं तो सहन करू शकला असता. पण पोरीने स्वतःच्या आईबद्दल असं विचारावं, आणि आपल्याला छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणता येऊ नये, हे त्याला पचेना. सोमवारी तो मला कोर्टात घेऊन गेला.

तिथल्या मोफत सल्ल्याच्या वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. आन्सेल्मोने सगळं सांगितलं. नोएमी दक्षिणेला गेली, तेलविहिरींवरच्या खाणावळीत स्वयंपाक करायला. रेनाता तिच्यासोबत गेली आणि एक हिवाळा काढून परत आली. म्हणाली, तिथल्या वाऱ्यात बॉल मारला की तो आपल्याकडेच परत येतो. मग नोएमी आणि आन्सेल्मो त्याच्या स्वयंपाकघरात 'माते' या कडू चहाचा तुंबा मध्ये ठेवून बसले. नोएमी म्हणाली, राहू दे तिला तुझ्याकडे. तो म्हणाला, बरं. ती म्हणाली, आता मला पैसे पाठवू नकोस, उगीच इकडून तिकडे कशाला. तो म्हणाला, बरं. ती म्हणाली, कागद करून घ्यायचा का? आणि तो म्हणाला, कशाला, आपण काय चोर आहोत?

"आणि मग?" वकीलबाईंनी विचारलं.

"मग काय? माते संपवला."

बाईंनी नाक शिंकरलं. "तावेर्नासाहेब, मुलगी कोणाकडे झोपते हे बघून पोटगी थांबत नसते. न्यायाधीशाने सुरू केलेली गोष्ट न्यायाधीशच थांबवतो. स्वयंपाकघरात तुम्ही दोघांनी ठरवलंत ते छानच, पण स्वयंपाकघराला शिक्का नसतो. कागदावर मुलगी आजही आईकडे आहे, आणि तुम्ही ती इकडे आल्यापासून एक पैसा भरलेला नाही."

"मी तिला जेवायला घालतोय!"

"ते तुम्ही तुमच्या खुशीने घालताय."

मी आयुष्यभर पोरांना भाषा शिकवली. इतक्या थंडपणे इतकं भयानक वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. आन्सेल्मोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

यादीत नाव गेलं ते असं. घटस्फोटाच्या वेळी नोएमी भयंकर चिडलेली होती. तेव्हा तिने वकील इतुर्बे यांना लिहून दिलं होतं की हप्ते बुडाले तर मला न विचारता कारवाई करा. इतुर्बे हे आमच्याकडचे सावकाश पण चिवट वकील. कोर्टाने उघडून दिलेल्या खात्यात बराच काळ काही जमा नाही, हे त्यांच्या नजरेला आलं आणि त्यांनी आपलं कर्तव्य केलं. नोटीसही पाठवली, फायलीतल्या पत्त्यावर. तो पत्ता घटस्फोटानंतर आन्सेल्मोने भाड्याने घेतलेल्या खोलीचा. आता तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे.

"पण कोर्टात येऊन हे बदलून का घेतलं नाहीत?" बाईंनी विचारलं. "ताबा तुमच्याकडे आला म्हटल्यावर उलट आईनेच तुम्हाला पोटगी द्यायला हवी होती."

आन्सेल्मो उठून दाराकडे निघाला. बाहेर आल्यावर पायरीवर म्हणाला, "म्हणूनच नाही आलो, मास्तर. ते हेच म्हणणार होते. मी नोएमीकडून पैसे घेऊ? पोरगी सांभाळायचे, बाईकडून? मग मैदानावर तोंड कसं दाखवू?"

"सध्या कसं दाखवतोयस?" मी विचारलं.

नोएमीला फोन वाचनालयातून केला. पत्ते खेळणाऱ्यांनी खेळ थांबवला, पण उठून कोणी गेलं नाही.

"मी?" फोनमधून वाऱ्याच्या आवाजावर तिचा आवाज चढला. "मी तुझं नाव यादीत घातलं? वेड लागलंय का तुला, आन्सेल्मो?"

"इतुर्बेने घातलंय. तुझ्या सहीने."

"कुठली सही?"

"घटस्फोटाच्या वेळची."

पलीकडे फक्त वारा. मग ती म्हणाली, "तेव्हा मी चिडले होते तुझ्यावर."

"हो. ते आत्ता पोहोचलं."

कोपऱ्यातला एकजण हसला आणि त्याने पत्त्यांनी तोंड झाकलं. नोएमी रडत होती की वारा होता, ते फोनवर समजत नव्हतं. तिने करायचं होतं ते सोपं होतं. मुलगी केव्हापासून वडिलांकडे आहे ते लिहून सही करायची, आणि मागची थकबाकी मी सोडून दिली म्हणायचं. वकीलबाई म्हणाल्या होत्या की मागचं साचलेलं सोडून देता येतं. "आजच पाठव मजकूर," नोएमी म्हणाली. "आजच सही करते."

आज गेला, आठवडा गेला. खाणावळीत प्रिंटर नव्हता. मग प्रिंटर होता, शाई नव्हती. मग वादळामुळे रस्ता बंद.

क्लबच्या कार्यकारिणीची बैठक झाली. ज्याला सामन्याच्या दिवशी मैदानात यायला बंदी आहे, त्याला मैदानाचा माळी ठेवता येतो का? अध्यक्षांनी बराच विचार केला. "सोमवार ते शनिवार तो आपला माळी," ते म्हणाले. "रविवारी तो..." रविवारी तो कोण, यासाठी कोणालाच शब्द सुचला नाही. शेवटी पोलीस यायच्या आत त्याने रेषा मारून बाहेर पडावं असं ठरलं. इतिवृत्त मीच लिहितो. 'बाहेर पडावं' हे लिहिताना पेन जड झालं, असं लिहिणं इतिवृत्तात बसत नाही.

शनिवारी मात्र एक वेगळंच दृश्य दिसायला लागलं. आन्सेल्मो मैदानाच्या मध्यभागी दोरी आणि फक्कीचा डबा घेऊन उभा, आणि गच्चीवरून बेर्मूदेस ओरडतोय, "नदीकडे कमी! अजून कमी! अरे, माझ्या सासूच्या डोक्यासारखं झालंय ते!" आन्सेल्मो पुसून पुन्हा मारत होता. गच्चीवरच्यांसाठी तो बेकरीतून खारी बिस्किटंही नेत असे. कोपऱ्यातल्या त्या सॉसेजवाल्याला देत नसे. बिस्किटांचा पुडा त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत दर वेळी रिकामा होई.

आईचं गुपित रेनाताने फोडलं. पोरगी वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मास्तर, शाई आहे तिच्याकडे."

"मग?"

"त्या कागदात पहिलंच वाक्य आहे, मुलगी आईजवळ राहत नाही. तिने मला फोनवर वाचून दाखवलं. तिथे आली की थांबते. परत पहिल्यापासून वाचते, परत थांबते." तिने वेणीचं टोक तोंडात घातलं. "बाबाला सांगू नका. बाबाला वाटतंय ती मुद्दाम करतेय. आणि मला कळत नाहीये की फायनलला कोण हवंय म्हणून मी रडतेय."

मी सांगितलं नाही. पण तिच्या आईला फोन केला आणि एवढंच म्हटलं की कागद सही करून पाठवू नका, स्वतः या. मग काय लिहायचं ते न्यायाधीशांसमोर ठरवा.

ती आली. अंतिम सामन्याच्या आदल्या गुरुवारी कोर्टाच्या पॅसेजमध्ये दक्षिणेतल्या थंडीचं जाकीट आमच्या उकाड्यात तसंच अंगावर घालून उभी होती. आन्सेल्मो भिंतीला टेकून होता.

"काढ ना ते जाकीट," तो म्हणाला. "उकडून मरशील."

"असू दे."

"प्रवास बरा झाला?"

"शेजारी एक बाई रात्रभर सोललेली संत्री खात होती." मग एकदम, "मी नाही केलं रे ते."

"माहितेय."

"तुला माहीत नव्हतं. तुला वाटलं मी केलं."

"थोडंसं वाटलं," आन्सेल्मो म्हणाला.

मुलगी वडिलांकडे राहते याचा साक्षीदार म्हणून मीही आत होतो. न्यायाधीशबाई वयस्क, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी रेनाताला एकटीला बोलावलं. ती आत काय बोलली ते आम्हाला सांगत नाहीत. बाहेर आली तेव्हा तिच्या गालात बाईंच्या टेबलावरची कॅरामेलची गोळी होती. मग आम्ही गेलो. नोएमीने थकबाकी सोडून दिली. ताबा वडिलांकडे असं लिहिलं गेलं. 'आईजवळ राहत नाही' हे वाक्य बाईंनी मोठ्याने वाचलं आणि स्वतःहून खोडून 'सुट्टीत आईजवळ राहते' असं केलं. नोएमीने तेव्हा जाकिटाची चेन उघडली.

"आता आईने द्यायच्या पोटगीचं," बाई म्हणाल्या.

आन्सेल्मो ताडकन उठला. "नको! मला हिच्याकडून काही नको. तिने माझं सोडलं, मी तिचं सोडतो. फिटलं."

"खाली बसा. तिने मागचं सोडलं, ते सोडता येतं. तुम्ही पुढचं सोडताय. ते तुम्हाला सोडता येत नाही."

"का नाही? मला नको म्हणतोय ना!"

"तुम्हाला कोण देतंय?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "तुमचं गवत तुमचं असेल. ही पोटगी मुलीची आहे. दुसऱ्याच्या ताटातलं नको म्हणणारे तुम्ही कोण?"

आन्सेल्मो उभाच राहिला, तोंड अर्धवट उघडं. एका महिन्यात या माणसाला कायद्याने दुसऱ्यांदा गेटवर अडवलं होतं. पहिल्यांदा, तू देत नाहीस म्हणून. आता, तू घेत नाहीस म्हणून.

"लिहा बाई," नोएमी म्हणाली. "मी देईन."

"नोएमी, अगं कशाला? गाव काय म्हणेल?"

"गाव गेलं खड्ड्यात! तुझ्यासाठी नाही देत मी." तिचा आवाज फुटला. "तू तिला वाढतोस, वेणी घालतोस, तिच्या सामन्याला उभा असतोस. मी तिथे शंभर लोकांना जेवू घालते आणि त्यात माझी पोरगी नसते. महिन्यातून एकदा तरी मला तिला वाढू दे ना!"

आन्सेल्मो हळूच खाली बसला. मग कोणाला तरी ओलं गवत ओलांडायची परवानगी द्यावी तसा म्हणाला, "बरं. लिहा."

रविवारी मुलींच्या अंतिम सामन्याला रांग बेकरीच्याही पुढे गेली. हुकूम गुरुवारचा होता. पण यादीतून नाव केव्हा पुसलं जाईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. बेर्मूदेसने गच्चीवर एक क्रेट रिकामं ठेवलं होतं, न जाणो. रेषा पहाटेच मारून झाल्या होत्या. या वेळी आन्सेल्मो रांगेत उभा राहिला, मागे नोएमी, तिच्या मागे मी. तो गेटपाशी पोहोचला तेव्हा ज्यांना दिसत होतं आणि ज्यांना दिसत नव्हतं, असे सगळेच गप्प झाले.

ब्रेंदाने कार्ड न सांगता बाहीला पुसलं आणि मशीनला लावलं. मशीनने अंमळ विचार केला.

हिरवा.

"जा, काका."

आन्सेल्मो हलला नाही. "परत लाव."

"अहो, हिरवा आला ना."

"तो लाल दोनदा आला होता. परत लाव."

तिने परत लावलं. परत हिरवा. मग कुठे तो आत गेला. नोएमीने आपलं कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "माझा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे, आधीच सांगते." हिरवा.

मीही आत आलो. आम्ही तिघे जाळीपाशी होतो, नेहमीच्या जागी. मैदानावर रेनाता मधल्या वर्तुळापाशी उभी राहून गेटकडे पाहत होती. तिने आधी बापाला पाहिलं, मग त्याच्या शेजारी पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून तशीच उभी राहिली. पंचाने तिला दोनदा जागेवर जायला सांगितलं. वरून वर्तुळ गोल दिसत होतं की नाही ते आम्हाला माहीत नाही. गच्चीवर बेर्मूदेस अंगठा वर करून उभा होता.

तेवढ्यात आमच्या मागे लाल दिवा लागला.

कोणी अनोळखी माणूस होता, पाहुण्या संघाच्या रंगाचा गमछा गळ्यात. तो ब्रेंदाला काहीतरी समजावून सांगत होता. रांगेतल्या टाळ्या सुरू व्हायच्या बेतात होत्या, आणि सवयीने सगळे जाळीकडे, आन्सेल्मोकडे पाहत होते. आन्सेल्मोने श्वास घेतला. छाती भरली. मग तो जाळीला तोंड न लावता डोळे लावून उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "त्याच्या हातात काय आहे बघा. पोराचं काही आहे का?"

मी पाहिलं. माणूस हात वर करून ब्रेंदाला काहीतरी दाखवत होता, पण मध्ये लोक होते. "दिसत नाही," मी म्हटलं. "नीट बघा ना!" म्हणत तो चवड्यांवर उंच झाला. मागे शिट्टी झाली आणि सामना सुरू झाला, तरी तो त्या माणसाच्या हाताकडेच पाहत राहिला.

"बाबाऽऽ!" मैदानातून ओरड आली. "इकडे!"

शेवटी लोक बाजूला झाले. हातात सॉसेजचा पाव होता, अर्धा खाल्लेला. पण तोवर ओरडायची वेळ टळून गेली होती. नोएमीने आन्सेल्मोच्या शर्टाची बाही धरून त्याला मैदानाकडे वळवलं.